एका लडीतला जाळीचा स्कार्फ

प्रश्न : मुलीने परदेशातून मेरिनो लोकरीची एकच लडी आणली आहे, ५० ग्रॅम, २०० मीटर. एसी लोकलमध्ये गळ्याला घ्यायला जाळीचा छोटा स्कार्फ करायचाय. मिळालेला नमुना मानेपासून सुरू होऊन खाली रुंदावत जातो, वर पानांची नक्षी. लोकर मध्येच संपली तर? हा रंग इथे मिळणार नाही. लेबलवर सुई ३ लिहिली आहे. माझ्याकडच्या ३ नंबरच्या सुया चालतील ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, त्या सुया आधी डब्यात परत ठेवा. लेबलवरचे ३ म्हणजे ३ मिलिमीटर. आपल्या जुन्या सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तशी सुई बारीक. तुमची ३ नंबरची सुई साडेसहा मिलिमीटरची, तिच्यावर या लोकरीची मच्छरदाणी होईल. ३ मिलिमीटर म्हणजे ११ नंबर. पण जाळी मोकळी पडायला हवी, म्हणून ८ नंबर घ्या, म्हणजे ४ मिलिमीटर. गाडीत विणणार असाल तर केबलवाल्या गोल सुया घ्या. चौथ्या सीटवर बसून लांब सुया चालवल्या तर शेजारणीच्या बरगड्यांची खैर नाही.

आता लोकरीचं. तुमच्या नमुन्यात शेवटच्या ओळी सगळ्यात लांब, आणि टाके बंद करायला रुंदीच्या चौपट तरी लोकर हाताशी लागते. एकच लडी असताना हा जुगार कशाला? टोकापासून टोकापर्यंत विणा. चार टाक्यांवर सुरुवात, सगळ्या ओळी सुलट. दर चौथ्या ओळीला एकाच काठाला एक टाका वाढवा, दुसरा काठ सरळ राहू द्या. निम्मी लोकर संपली की त्याच काठाला, त्याच हिशेबाने एकेक टाका कमी करा. शेवटी पुन्हा चारच टाके उरतात, ते बंद करायला हातभर दोरा पुष्कळ झाला. लांबट त्रिकोण तयार होतो, एक वेढा घेऊन पुढे गाठ मारता येते.

निम्मी कशी ओळखायची? स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. लडीतून थेट विणू नका, गुंता होईल. ती खुर्चीच्या पाठीवर चढवून गुंडा करा. विणता विणता गुंडा तोलत राहा आणि २६ ग्रॅम उरले की उतरायला लागा. वरचा एक ग्रॅम मनःशांतीसाठी.

पानांचा हट्ट मात्र सोडा. टाके सतत वाढत-घटत असताना पानं बसवणं म्हणजे डोकेदुखी. दर बारा ओळींनी, टाका वाढवायची ओळ सोडून, एक ओळ भोकांची घाला : दोन्ही काठांचे दोन-दोन टाके साधे, मध्ये लोकर पुढे घेऊन दोन टाक्यांचा एक, असं शेवटपर्यंत. एखादा टाका उरला तर तो साधा विणा. सुईवर घेतलेली लोकर एक टाका वाढवते, जोडलेले दोन एक कमी करतात, म्हणून संख्या तीच राहते. परतीच्या ओळीत ती लोकरही टाका म्हणून विणायची, आणि ओळ संपली की टाके मोजायचेच. भोकांच्या ओळीआधी शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून काढून ठेवा. पुढे चुकलं तर तिथपर्यंतच उसवावं लागेल.

सुईवरून उतरल्यावर स्कार्फ आखडलेला, चुरगळल्यासारखा दिसेल. घाबरू नका. कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बुडवा, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबा, मग जाड चादरीवर ताणून टाचण्या लावा आणि पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. भोकं तेव्हाच उघडतात. टाचण्या न गंजणाऱ्याच घ्या. आपल्या दमट हवेत साध्या टाचणीचा डाग लोकरीवर बसला की निघत नाही.

प्रश्न : हाच स्कार्फ कोपऱ्यावरच्या दुकानातल्या साध्या लोकरीचा होईल का?
— एक वाचक, परळ

उत्तर : होईल. ती लोकर बहुतेक ॲक्रिलिक असते, पाण्यात भिजवून ताणली तरी वाळल्यावर बरीचशी पुन्हा मिटते. त्यामुळे सुई आणखी एक नंबर जाड घ्या, ७. मुलुंडच्या ताईंनीही आधी याच लोकरीवर वीतभर विणून हात बसवावा. मेरिनो वारंवार उसवली की तिला केस सुटतात.