यूएसबी साउंड कार्ड घेण्याआधी

भाऊ, आधी एक सांग: तुला नुसतं ऐकायचंय की रेकॉर्डही करायचंय? सगळी निवड यावरच ठरते.

ऐकायचंच असेल तर महागाच्या मागे लागू नकोस. कॉम्प्युटरच्या आत पॉवर सप्लाय, ग्राफिक्स कार्ड यांचा विजेचा गोंधळ असतो. माउस हलवला की हेडफोनमध्ये किर्र होतं, ते बहुतेक त्यामुळेच. यूएसबी साउंड कार्ड म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची छोटी डबी, त्यामुळे आवाज त्या गोंधळाबाहेर तयार होतो. खोक्यावरच्या ३८४ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने, तो आकडा) भुलू नकोस. सीडी १६ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई), ४४.१ किलोहर्ट्झची असते आणि कानाला तेवढं पुरतं. हेडफोन २५० ओहमचा, म्हणजे विजेला जास्त अडवणारा असेल तर मात्र ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर असलेलंच कार्ड घे.

आजीच्या अहिराणी ओव्या टिपायच्या असतील, तर एक्सएलआर इनपुट (स्टुडिओ माइकची तीन पिनांची गोल जोडणी) आणि ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकला त्याच वायरीतून मिळणारी वीज) असलेला इंटरफेस, म्हणजे रेकॉर्डिंगचं साउंड कार्ड बघ. स्टुडिओचे बहुतेक कंडेन्सर माइक त्याशिवाय चालत नाहीत. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, पातळी जरा खाली ठेवून कर. सूर अचानक चढला तरी आवाज फाटणार नाही. या ओव्या पुन्हा मिळायच्या नाहीत, इथे पैसे वाचवू नकोस.

आणि अर्थिंग! जळगावला माझ्याकडे नवं कार्ड लावूनही स्पीकर घुंऽऽ करायचे. दोन दिवस कार्डालाच दोष दिला. लॅपटॉपचा चार्जर काढला नि घुंघुं बंद! वायरमनने अर्थिंगचा खड्डा पाहिला, तर मे महिन्यात माती पार कोरडी ठणठणीत, म्हणजे अर्थिंगच नीट लागत नव्हतं. म्हणून कार्ड बदलण्याआधी एकदा बॅटरीवर ऐकून बघ.