काश्मीरच्या तळ्यांवर एकट्याने जाताना

एकट्यानेच जायचं ठरलं असेल तर ही चालत जायची वाट सोनमर्गला सुरू होते, तिथे आधी एक दिवस मुक्काम कर. घाईघाईत निचनईची खिंड चढायला गेलास की उंचीमुळे डोकं धरतं. खरी कसोटी गडसरच्या खिंडीत, सुमारे ४,२०० मीटरवर. खिंडीआधीच्या विशनसर तळ्यावरून पहाटेच निघ. दुपारनंतर ढग दाटतात आणि वर आडोसा नाही. पावसात त्या उतारावर पाय ठरत नाही, काठी हवीच. आधार कार्ड वरच्या खिशात ठेव, लष्कराच्या चौक्यांवर तपासतात. परवानगीचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी विचारून घे. वर रेंज मिळेल असं धरू नकोस, म्हणून वाट संपते त्या नारानाग गावी कधी उतरणार ते घरी लिहून दे. डोकं ठणकून उलट्या सुरू झाल्या तर पुढचं तळं कितीही जवळ असो, मागे फिर. आणि तळ्यात साबण अजिबात नको, तिथे मेंढ्या-बकऱ्या चारणारे बकरवाल तेच पाणी पितात.