नवऱ्याला उचलून व्यसनमुक्ती केंद्रात टाकायचं का?

नागपूरच्या नंदनवनमधल्या एका ताईंनी विचारलंय. नवरा हिंगणा एमआयडीसीत कामाला, आठ वर्षांपासून पितो, आता तर सकाळी उठल्या उठल्या लागते, त्याशिवाय हात थरथरतात. दीर म्हणतात, "उचलून टाका त्याले, सहा महिने आत राहिला का सुधरते." एक केंद्रवाले रात्री गाडी पाठवायला तयार आहेत, महिन्याचे बारा हजार, आणि ताईंनी 500 च्या स्टॅम्पपेपरवर सही करायची. हे कायद्यात बसतं का, आणि वेडा म्हणून शिक्का बसून नोकरी जाईल का, एवढं त्यांना कळायला हवंय.

ताई, सही करू नका. तुम्ही पाठवलेला फोटो मी वाचला, त्यात "काही बरंवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही" असं आहे, म्हणजे काय होऊ शकतं ते त्यांना माहितीये. आणि बायकोच्या सहीनं नवऱ्याला त्याच्या मनाविरुद्ध कोंडता येत नाही, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा होतो, उद्या त्यानं तक्रार केली तर त्यात तुमचं आणि दिराचंही नाव येईल.

पण याचा अर्थ हातावर हात ठेवून बसा असा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारूच्या व्यसनातून येणारी मानसिक अवस्था धरली आहे. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यापासून पिणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणूनच बघायची सवय लागली, त्यामुळे घरचेही आधी शिक्षेचाच विचार करतात. आता सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे.

सरळ मार्ग म्हणजे तो स्वतः तयार होऊन भरती होणं, 2017 च्या कायद्याचं कलम 86. नाहीच ऐकला तर कलम 89 आहे, पण नुसतं पितो म्हणून ते लागत नाही, जिवाला धोका, मारहाण किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं अशी परिस्थिती लागते. दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्यानं दुसऱ्या कोणाला नेमलं नसेल तर नातेवाईक म्हणून तुमचा. भरती जास्तीत जास्त 30 दिवस, आणि ती बरोबर नाही वाटली तर त्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. सहा महिन्यांचं पॅकेज या कायद्यात कुठंच नाही. केंद्राला नोंदणीचा कागद मागा, आणि रोज डॉक्टर येतात का तेही विचारा.

डॉक्टरवर एवढा जोर का देतोय ते सांगतो. माझ्याकडे एका पक्षकाराची केस आली होती, भावाला असंच रात्री नेलं, खोलीत ठेवलं, दारू एकदम बंद, औषध काहीच नाही, तिसऱ्या दिवशी फिट्स आल्या आणि केंद्रातून फोन आला की "घेऊन जा". रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली की झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायची असते. तसंच कोणी चहात गुपचूप पावडर टाकायला दिली असेल तर ती टाकू नका, दारू सोडवायची काही औषधं अशी असतात की वरून प्यायला तर जिवावर बेततं.

शिक्क्याचं म्हणाल तर याच कायद्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट आहे, नुसतं आजाराचं निदान झालं म्हणून माणूस वेडा ठरत नाही, ते कोर्टानंच ठरवावं लागतं. कलम 23 नं उपचाराची माहिती गुप्त राहते. कंपनीत न सांगता गैरहजर राहिला तर मात्र कंपनीची चार्जशीट, म्हणजे शिस्तभंगाची नोटीस, येऊ शकते, म्हणून रजेचा अर्ज आणि सर्टिफिकेट वेळेत द्या. मेडिक्लेमवाले व्यसनाच्या अटीवर बोट ठेवून नकार देतील, तो नकार लेखी घ्या, कलम 21 च्या आधारे भांडता येतं.

तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की मारतो पण. ताई, आजार आहे म्हणून मार सहन करायचा असं कोणताच कायदा म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 खाली संरक्षण, घरात राहण्याचा हक्क आणि खर्च तिन्ही मागता येतात, आणि त्याचे उपचार सुरू असतानाही मागता येतात. रात्री गरज पडली तर पोलिसांचा 112, नाहीतर महिला हेल्पलाइनचा 181.

सोमवारी त्याला घेऊन मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत जा. तयार नसेल तर तुम्ही एकट्या 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. वकिलाची फी परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या, बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही. आणि दिराला आजच फोन करून सांगा की गाडी बोलवायची नाही.