विलगीकरणानंतर बाहेर पडताना : फुप्फुस आणखी बिघडले की पाय दुबळे झाले?

ताई, तुमच्या लिहिण्यातून मला तीन प्रश्न दिसले. मार्च २०२० पासून सीओपीडीमुळे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे, तुम्ही जवळजवळ घरातच आहात. पूर्वी दोन मजले न थांबता चढत होतात आणि आता पहिल्याच मजल्यावर कठडा धरून उभे राहावे लागते, तेव्हा आजार बळावला आहे का, हा पहिला. भावाकडे दोन दिवस राहायला जाण्याची मनापासून ओढ आहे, पण धीर होत नाही, हा दुसरा. चारचौघांत खोकल्याची उबळ आली तर लोक काय म्हणतील, हा तिसरा. तो तुम्ही शेवटी एका ओळीत, ओघात आला म्हणून लिहावा तसा लिहिला आहे, परंतु मला तोच सर्वांत जड वाटला.

मी डॉक्टर नाही. सीओपीडीचे निदान होऊन मला तेरा वर्षे झाली आहेत आणि महासाथीत मी स्वतः सव्वादोन वर्षे घराबाहेर पडलो नव्हतो. त्या घरात बसण्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही, आणि तुम्हीही तो करू नये. लस आणि उपचार हाती नव्हते, तेव्हा आपल्यासारख्यांसाठी तेच योग्य होते. मात्र त्या बसण्याची एक किंमत शरीराने मोजली आहे, आणि ती फुप्फुसाच्या खात्यावर टाकण्याची चूक आपण जवळजवळ सगळेच करतो.

पायऱ्या चढण्याचे काम मांडीचे स्नायू करतात. महिनोन्महिने घरातल्या घरात चालण्यापलीकडे त्यांना काम मिळाले नाही की ते रोडावतात, आणि दुबळा स्नायू थोड्याशा श्रमातच लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो. ते आम्ल निस्तरण्यासाठी शरीर श्वासाचा वेग वाढवते. निरोगी माणसाला तो वाढलेला वेग पेलतो. आपल्या श्वासनलिका अरुंद असल्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो, आणि श्वास भरभर होऊ लागला की आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढची आत येते. छाती हवेने भरलेलीच राहते, नव्या श्वासाला जागा उरत नाही, आणि आपल्याला वाटते की फुप्फुसाने साथ सोडली. धाप लागते म्हणून आपण हालचाल आणखी कमी करतो, पाय आणखी दुबळे होतात आणि पुढच्या वेळी धाप त्याहून लवकर लागते.

माझेच उदाहरण देतो. विलगीकरणानंतर मी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकण्याची फुप्फुसाची चाचणी, करून घेतली तेव्हा एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकता येणारी हवा, अपेक्षित प्रमाणाच्या ४४ टक्क्यांवरून ४२ वर आलेली होती. एका चाचणीपासून दुसऱ्या चाचणीत इतका फरक पडू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी त्या फरकाला फारसे महत्त्व दिले नाही. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत मात्र मी २०१९ साली ४१० मीटर चाललो होतो, तो ३०० मीटरवर आलो. या चाचणीत सुमारे ३० मीटरचा फरकही रुग्णाला जाणवण्याइतका मानतात, यावरून ११० मीटर म्हणजे किती ते लक्षात येईल. फुप्फुस जवळजवळ तिथेच होते, पाय गेले होते. आणि गेलेले पाय बऱ्याच अंशी परत मिळवता येतात.

तुमचेही असेच असेल असे मी गृहीत धरणार नाही. आधी तपासणी करून घ्या, कारण धाप वाढण्यामागे हृदय, रक्तातील कमी हिमोग्लोबिन किंवा वाढलेले वजन अशीही कारणे असू शकतात. घोट्यावर सूज येत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, कफाचा रंग किंवा प्रमाण बदलले असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा.

तपासणीत काही वेगळे निघाले नाही, तर पल्मनरी रिहॅबिलिटेशनसाठी चिठ्ठी मागा. ती आपण मागितल्याशिवाय कित्येकदा मिळत नाही. हा साधारण ६ ते १२ आठवड्यांचा, देखरेखीखाली व्यायाम आणि श्वासाचे शिक्षण देणारा कार्यक्रम असतो, आणि सीओपीडीमध्ये धाप कमी करून चालण्याची क्षमता वाढवण्यात त्याइतके उपयोगी फार थोडे उपचार आहेत. तिथे जागा मिळेपर्यंत मी डॉक्टरांना विचारून घरी एकच गोष्ट केली. न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घ्यायचे आणि उठायचे-बसायचे. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. पहिल्या दिवशी मला सहा वेळा उठता आले आणि सातव्यांदा मांड्या थरथरल्या. दोन महिन्यांनी मी एका दमात अठरा वेळा उठत होतो.

जिन्याची युक्ती फिजिओथेरपिस्टने शिकवली. पायरीसमोर उभे राहून नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा, आणि मेणबत्तीची ज्योत हलावी पण विझू नये इतक्या बेताने श्वास सोडत दोन पायऱ्या चढायच्या. मग थांबायचे, पुन्हा श्वास घ्यायचा. सोडण्याला घेण्याच्या दुप्पट वेळ द्यायचा. धाप लागण्यापूर्वीच थांबायचे, ही त्यातली मुख्य गोष्ट. मी नेमके उलटे करत असे, म्हणजे छाती फुटेपर्यंत चढायचो आणि मग कठड्याला लटकायचो.

माझे ध्येय वाचनालयाचा पहिला मजला हे होते. बावीस पायऱ्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा सातव्या पायरीवर उभा राहिलो, डाव्या हाताने कठडा घट्ट धरलेला, उजव्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर. काळजाचे ठोके कानात ऐकू येत होते आणि आता आपण इथेच कोसळणार अशी खात्री वाटत होती. ऑक्सिजनचा आकडा मात्र ९४ टक्के, म्हणजे पुरेसा होता. धाप आणि ऑक्सिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला वाचून माहीत होते, पण पटले त्या पायरीवर. त्या दिवशी मी खाली उतरून घरी आलो. वरच्या मजल्यावर पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभा राहीपर्यंत अकरा आठवडे लागले. (ऑक्सिमीटरचे एक सांगून ठेवतो : बोटे गार असतील किंवा नखांना रंग असेल तर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो, आणि तुमच्यासाठी कोणत्या आकड्याखाली काळजी करायची ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायला हवे. सीओपीडीच्या काही रुग्णांत बाहेरून ऑक्सिजन देताना मुद्दाम ८८ ते ९२ टक्केच राखतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा स्वतःला लावू नये.)

आता भावाकडे जाण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, परंतु विषाणू संपल्याचे कोणीही म्हटलेले नाही. सर्व काही सुरक्षित झाल्यावर निघू असे म्हणून थांबलात, तर तो दिवस कॅलेंडरवर सापडणार नाही. त्याऐवजी धोका कमी करता येण्याजोग्या गोष्टी कराव्यात आणि निघावे, असे माझे मत आहे. कोविडची पुढची मात्रा, दरवर्षीची फ्लूची लस, न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस आणि साठीपुढच्यांसाठी आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूविरुद्धची लस, यांपैकी तुमचे काय राहिले आहे ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. बंद जागेत एन-९५ मास्क वापरण्याचा संकोच करू नका. महासाथीच्या पहिल्या वर्षी सीओपीडी बळावून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या अनेक देशांत जवळपास निम्म्यावर आली होती, आणि त्यामागे मास्क व अंतर यांमुळे इतर सर्दी-तापाचे विषाणूही दूर राहिले हे एक मोठे कारण मानले जाते. आपल्याला आजारी पाडणारा विषाणू एकटा कोविडचा कधीच नव्हता. त्यामुळे मास्क ही भीतीची खूण न मानता, इन्हेलरसारखीच एक वस्तू मानून मी तो खिशात ठेवतो.

संसर्ग झालाच तर काय करायचे हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. कोविडवरील तोंडाने घ्यायची औषधे लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू करावी लागतात, म्हणून फोन त्याच दिवशी करायचा. त्यांतल्या पॅक्सलोव्हिडमधील रिटोनाव्हिर या घटकाबरोबर आपल्यापैकी अनेकांच्या इन्हेलरमध्ये असलेले सॅल्मेटेरॉल चालत नाही, आणि काही स्टेरॉइड इन्हेलरचाही त्याच्याशी संबंध येतो. तुमच्या इन्हेलरमध्ये काय आहे आणि ते दिवस कसे काढायचे हे आजच विचारून ठेवा, तापात विचारायला सुचत नाही.

बाहेर नेण्याची पिशवीही उघडून पाहा. माझ्या पिशवीतला तातडीचा इन्हेलर मुदत उलटून सात महिने झालेला निघाला, कारण दोन वर्षे मी उशाजवळचाच वापरत होतो.

भावाला आधीच स्पष्ट सांगा की घरात कोणाला साधी सर्दी असली तरी बेत पुढे ढकलायचा, घरात धूम्रपान नको, उग्र सुगंध नको, खिडक्या उघड्या आणि झोपण्याची खोली शक्यतो खालच्या मजल्यावर. हे सांगताना अवघडल्यासारखे होते, हे मी जाणतो. पण सांगितल्यावर माझ्या माणसांना बरे वाटले असाच माझा अनुभव आहे. काय केले म्हणजे चालेल हे त्यांनाही कळत नव्हते. पहिल्यांदा दोन दिवस राहू नका, दोन तासांसाठी जा. गच्ची, अंगण किंवा मोकळी जागा असेल तर तिथेच बसा.

आणि एका गोष्टीची तयारी करा, जी मला कोणी सांगितली नव्हती : बोलणे. दोन वर्षे माझे संभाषण पत्नीशी, तेही तुटक वाक्यांत होत होते. पहिल्यांदा पाच माणसांत बसलो तेव्हा पंधरा मिनिटांत मी चालून आल्यासारखा दमलो. बोलतो आपण श्वास सोडताना, आणि गप्पांच्या भरात पुढचा श्वास घ्यायला उशीर करतो. त्यात हसू आले की संपलेच. त्यानंतर मी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचू लागलो, स्वल्पविरामाला थांबून श्वास घेत. शिवाय टेबलावर दोन्ही कोपरे टेकवून बसलो की खांद्यांचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात आणि बरेच जास्त बोलता येते.

खोकल्याचे सांगतो. एका प्रतीक्षागृहात मला उबळ आली, आणि शेजारची बाई काही न बोलता उठून समोरच्या रांगेत जाऊन बसली. तिचे काहीच चुकले नव्हते, मीही कदाचित तेच केले असते. तरीही त्यानंतर तीन आठवडे मी घराबाहेर पडलो नाही. आजारापेक्षा त्या रिकाम्या खुर्चीने मला जास्त दिवस घरात बसवले. आता मी निघण्याच्या तासभर आधी शिकवलेल्या पद्धतीने कफ काढून टाकतो : काही संथ श्वास, मग एक खोल श्वास, आणि आरशावर वाफ धरण्यासाठी सोडावा तसा उघड्या तोंडाने जोरात ‘हा’. पाण्याची बाटली हाताशी असते, कारण वेळेवर घेतलेला एक घोट पुष्कळदा उबळ थोपवतो. आणि एक वाक्य पाठ केलेले आहे : “मला फुप्फुसाचा जुना आजार आहे, हा खोकला त्याचा आहे, तो कोणाला लागत नाही.” हे वाक्य मी फक्त माझा रोजचा खोकला असेल त्या दिवशीच बोलतो. खोकला वेगळा वाटला तर जात नाही, कारण ते वाक्य खरे असले तरच मला मान वर करून बोलता येते. इतके दिवस ते म्हणतो आहे, आणि बहुतेक वेळा समोरच्या माणसाने मान हलवली आहे. दोघांनी तर त्यांच्या घरातल्या दम्याच्या रुग्णाची चौकशी माझ्याकडे केली.

तुम्ही लिहिले आहे की भावाचा आवाज फोनवर रोज ऐकता, पण तो हसताना कसा दिसतो ते आठवेनासे झाले आहे. त्याला आज तारीख देऊ नका, महिना द्या. डॉक्टरांची भेट ठरवा, आणि त्यांनी परवानगी दिली की खुर्ची भिंतीला टेकवून पाहा. पहिल्या दिवशी किती वेळा उठता आले आणि कितव्या पायरीवर थांबावे लागले, हे दोन आकडे मला कळवा. पुढचा आठवडा कसा आखायचा ते त्यावरून बोलू.