गॅस भरला, मुदत गळाली

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचक ताईंचं चार पानी पत्र ४ जूनला मिळालं. उन्हाळा सरता सरता अशी पत्रं दर वर्षी येतात, फक्त कंपनी आणि आकडे बदलतात. ताईंचा दीड टनाचा स्प्लिट एसी ९ मे २०२२ रोजी घेतलेला. पहिलं वर्ष संपूर्ण वॉरंटी, कॉम्प्रेसरला दहा वर्षं. १८ एप्रिल २०२३ ला गॅस गेला, कंपनीच्या माणसाने फुकट भरून दिला. २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेला, ३,२०० रुपये. २०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा, ३,५०० रुपये. मेमध्ये कॉम्प्रेसरच बसला. २२ मे ला कंपनीने लेखी कळवलं की कॉम्प्रेसर मोफत, पण कॉइल (गॅस फिरतो त्या नळ्यांचं वेटोळं), गॅस, मजुरी आणि व्हिजिट मिळून १३,८०० भरा. दुकानदार म्हणतो, जुना द्या, नव्यावर सहा हजार कमी करतो. ताई विचारतात: नवा घेऊ का? आणि जुन्याचे पैसे कंपनीकडून वसूल होतील का?

ताई, नवा घ्यायला माझी ना नाही. पण जुना सहा हजारांना दुकानदाराच्या टेम्पोत चढवलात, तर दुसरा प्रश्न तिथेच संपला. वस्तूत दोष आहे की नाही हे तपासल्याशिवाय ठरत नसेल, तर ग्राहक आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो (ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३८). टेम्पोतून भंगारात गेलेली वस्तू आयोग कुठून पाठवणार? एक्स्चेंजच्या कागदावर ‘कोणतीही तक्रार शिल्लक नाही’ असं छापलेलं असेल, तर तुमची सही कंपनीला आयतीच मिळेल.

आता खरी अडचण. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. तुमची सगळ्यात भक्कम तक्रार एप्रिल २०२३ ची होती. एसी वर्षाचाही नव्हता, वॉरंटी चालू होती. एसीतला गॅस बंद नळ्यांत फिरतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतंय. गळती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. तेव्हाच ‘गळती शोधा, कॉइल बदला’ असा एक ईमेल टाकला असतात तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. त्या तक्रारीची दोन वर्षं १८ एप्रिल २०२५ च्या सुमारास संपली, म्हणजे तुमचं पत्र यायच्या दीड महिना आधी. तुम्ही लिहिता, ‘आम्ही सतत फोन करत होतो’. फोनने मुदत वाढत नाही, ईमेलनेही नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानेही घड्याळ थांबत नाही, तडजोड झाली तर झाली. नाशिकमध्ये जूनचा पाऊस पडला की एसी विसरायचा आणि मार्चमध्ये धूळ झटकताना आठवायचा. एसीचा त्रास हंगामी असतो, पण मुदत पावसाळ्यातही चालूच राहते.

पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण ‘टेक्निशियन दर वेळी पुढच्या महिन्यात बघू म्हणायचा’ या कारणावर मी पैज लावणार नाही.

म्हणून तक्रार एप्रिल २०२३ वर उभी करू नका. ती २२ मे २०२५ वर उभी करा. कॉम्प्रेसरची वॉरंटी मे २०३२ पर्यंत आहे, ती जिवंत आहे, आणि त्या दिवशी कंपनीने पूर्ण दुरुस्ती करून द्यायला नकार दिला. माझ्या मते हे नवं कारण आहे आणि त्याला मे २०२७ पर्यंत वेळ आहे. कंपनी म्हणणार की दोष २०२३ पासूनच तुम्हाला ठाऊक होता. आयोग काय मानेल हे आज सांगता येत नाही. पण जुनी गळती तक्रारीत इतिहास म्हणून लिहा, दावा म्हणून नको.

हा इतिहास उपयोगी का, तर फिरणाऱ्या गॅसमुळेच कॉम्प्रेसरची मोटर थंड राहते. गॅस कमी असताना मशीन चालवलं की ती तापते आणि एक दिवस जळते. म्हणजे जी गळती कंपनीच्या माणसांनी तीन वेळा पाहिली आणि एकदाही शोधली नाही, तिनेच कॉम्प्रेसर घालवला, असा तुमचा युक्तिवाद होतो. मग ‘कॉम्प्रेसर फुकट, बाकी तुमचं’ हे वाक्य जरा लंगडं पडतं. जरा म्हणतोय, कारण वॉरंटी कार्डावर गॅस आणि मजुरी वगळल्याचं बारीक अक्षरात छापलेलं असतं. तुमचं कार्ड पत्रासोबत नाही.

हा युक्तिवाद कागदावर यायला हवा. कंपनीशी संबंध नसलेला एखादा जाणता एसी मेकॅनिक बोलवा. त्याला नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करू द्या, साबणाच्या पाण्याचा फेस कुठे येतो त्याचा फोटो आणि लेटरहेडवर दोन ओळी घ्या. हे एसी भिंतीवर असतानाच करून घ्या. कॉम्प्रेसर मेलेला असल्यामुळे उरलासुरला गॅस आउटडोअरमध्ये परत ओढता येणार नाही, आणि नळ्या एकदा सोडल्या की गळती जुनी की काढताना झालेली, यावर वाद होईल. दोन्ही युनिटच्या सीरियल नंबरचे फोटो काढा. मग खुशाल उतरवा, गॅलरीत झाकून ठेवा आणि नवा लावा.

एसीचं बिल यजमानांच्या अंबडच्या वर्कशॉपच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह. का, ते विचारत नाही. ‘हा व्यावसायिक वापर’ ही कंपनीची पहिली हरकत असेल. एसी घरच्या बेडरूममध्ये असेल आणि त्यावर इनपुट क्रेडिट (धंद्याच्या खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेतलं नसेल तर हरकत टिकू नये. घेतलं असेल तर आधी सीएशी बोला, मग माझ्याशी. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्यात ग्राहक आहे, त्यामुळे तक्रार तुमच्या नावानेही करता येईल.

२०१९ च्या कायद्यात राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, म्हणजे नाशिक जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. निकाल तपासणीशिवाय तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. मी कायद्यातलं सांगितलं, तारखांचं कॅलेंडर वेगळं असतं. आणि पूर्ण पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. तीन उन्हाळे वापरलेल्या वस्तूचा घसारा बहुतेक वेळा वजा होतो.

२०२३ च्या जॉबकार्डाचा (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदाचा) जो फोटो पाठवलात, तो कार्बन कॉपीचा आहे आणि तारीख वाचता येत नाही. त्या दिवशी कंपनीकडून तक्रार क्रमांकाचा एसएमएस आला असेल. फोन बदलला नसेल तर तो शोधा, स्क्रीनशॉट काढा आणि वॉरंटी कार्डासोबत मला पाठवा. कंपनीला द्यायच्या नोटिशीचा मसुदा त्यानंतर.