दुखऱ्या बाजूनं पाजू की नको?

प्रश्न : ताई, माझं पहिलंच बाळंतपण आहे. कराडजवळच्या गावी माहेरी आले आहे. बाळ अठरा दिवसांचं आहे. परवापासून उजवी छाती लालभडक झाली आहे, बाहेरच्या बाजूला टणक गाठ लागते आणि ठणका काखेपर्यंत जातो. काल रात्री हुडहुडी भरून १०२ ताप आला. स्तनाग्राला आधीपासूनच चीर पडली आहे, त्यामुळे बाळानं तोंड लावलं की डोळ्यांत पाणी येतं. आत्या म्हणते, त्या बाजूचं दूध नासलंय, बाळाला देऊ नकोस, पिळून टाकून दे. आई गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकते आणि गाठ मोडावी म्हणून जोरात चोळते. दोघी माझ्यासाठीच करतात, पण दुखणं वाढतंच आहे. पावडरचं दूध सुरू करू का? आणि गोळ्या घेतल्या तर दुधातून बाळाला बाधतील का?
– एक बाळंतीण, जि. सातारा

उत्तर : तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी तुला फोन केला, कारण असा ताप मासिकाच्या अंकासाठी थांबत नाही. तू दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलीस, औषध सुरू झालं, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. तरीही इथे सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली आणि हाच गोंधळ मी घरोघरच्या बायकांच्या तोंडून ऐकत आले आहे.

पाज. दोन्ही बाजूंनी पाज, दुखऱ्या बाजूनंसुद्धा. दूध नासलेलं नाही. सूज आणि जंतुसंसर्ग असतो तो छातीच्या आतल्या पेशींत, आणि ते दूध पूर्ण दिवसांच्या, अंगानं ठणठणीत बाळाला बाधत नाही. सुजेमुळे त्यात मिठाचं प्रमाण थोडं वाढतं, म्हणून बाळ त्या बाजूला कुरकुर करतं. आत्यांना वाटलं असेल की बाळाला दूध नकोसं झालंय, म्हणजे ते खराब आहे. तसं नाही, फक्त चव बदलली आहे. उलट पाजणं एकदम बंद केलंस तर दूध आत तुंबतं, सूज वाढते आणि गळू होण्याची भीती असते. (आईला एचआयव्ही असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही, तिनं आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं.)

आता चोळण्याबद्दल. तुझ्या आईला हे नीट वाचून दाखव. आमच्या वेळीही आम्ही गरम शेक द्या, गाठ चोळून मोकळी करा असंच सांगत होतो. पण २०२२ मध्ये स्तनपानाच्या वैद्यकशास्त्रातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थेनं आपला सल्ला बदलला आणि मला तो पटला. हाताला लागते ती गाठ म्हणजे नळीत अडकलेला दुधाचा खडा नसतो. दुधाच्या बारीक नळ्यांभोवतीचा भाग सुजतो आणि त्या नळ्या बाहेरून दाबल्या जातात. मुरगळलेला घोटा कुणी जोरानं रगडला तर काय होईल? तेच इथे होतं. जोरात चोळल्यानं आतल्या बारीक रक्तवाहिन्या दुखावतात आणि सूज आणखी चढते. म्हणून चोळणं आजपासून बंद. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटं ठेव, दिवसातून कितीही वेळा. हात फिरवायचाच असेल तर कातडीवरून अगदी हलका, काखेच्या दिशेनं. गार लागलं की दूध आटतं असं घरात कुणी म्हणेल. अशा घडीनं दूध आटत नाही, ठणका मात्र उतरतो.

तसंच छाती ‘पूर्ण रिकामी’ करण्याच्या मागे लागू नकोस. पंपानं पुन्हा पुन्हा काढलंस तर शरीर समजतं की आणखी दूध लागतंय आणि ते आणखी बनवतं. बाळ मागेल तेव्हा पाज. या वयाचं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, तेवढं पुरतं. छाती इतकी ताठली की बाळाला धरताच येत नाही, तेव्हा हातानं थोडं काढून मऊ करून घे. एखाद्या वेळी दुखणं सोसवलंच नाही तर काढलेलं दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं दे. पावडरच्या डब्याची गरज मला दिसत नाही.

चीर कशी पडली, हे बघितल्याशिवाय मात्र हे दुखणं परत येईल. कातडीवरचे जंतू त्याच वाटेनं आत शिरतात. बाळ नुसतं टोक ओढत असणार. त्याचं पोट तुझ्या पोटाला टेकव, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत ठेव. नाक स्तनाग्रासमोर आणून थांब. त्यानं जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की चटकन जवळ घे. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग ओठांच्या खाली जवळजवळ दिसेनासा, असं जमलं तर दुखणं पहिल्या काही घोटांतच कमी होतं. चुकलं तर ओढून काढू नकोस, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव आणि पुन्हा लाव. आशाताईंच्या घरभेटी ४२ व्या दिवसापर्यंत असतात. पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर पाजून दाखव.

गोळ्यांचं : तापासाठी पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी दिलं तर सुजेसाठी आयबुप्रोफेन, दोन्ही पाजत्या आईला चालतात. क्लॉक्सासिलिन किंवा सेफॅलेक्सिनसारखी प्रतिजैविकं दुधात उतरतात ती फार थोडी. बाळाला शी पातळ होईल किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसतील, तसं झालं तर डॉक्टरांना दाखव. कोर्स साधारण १० ते १४ दिवसांचा असतो. ताप उतरला म्हणून मध्येच सोडायचा नाही.

आणि झोप. तू अंथरुणातच राहा, बाळ कुशीत घे, लंगोट बदलणं, आंघोळ, पाहुणे हे आई आणि आत्यांनी वाटून घ्यावं. त्या दोघींच्या मायेला आता हेच काम द्यायचं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर तीही मोडा. तहान लागेल तेवढं पाणी प्यायचंच.

औषध सुरू होऊन ४८ तासांनंतरही ताप, लाली तशीच असली किंवा गाठ मऊ पडून आत पाणी हलल्यासारखं लागलं, तर त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफीबद्दल विचार. पू झाला असेल तर तो बहुतेकदा सोनोग्राफीत बघून सुईनं काढता येतो, आणि त्यानंतरही पाजता येतं. सगळं बरं वाटल्यावरही गाठ काही आठवडे तशीच राहिली तर ती ‘दुधाचीच असेल’ म्हणून सोडून देऊ नकोस, तपासून घे.