४०९० ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधी मोजायची टेप काढ

अरे, खोका फोडायच्या आधी पीसीच्या कॅबिनेटमध्ये टेप धर. एनव्हिडियाचं स्वतःचं आरटीएक्स ४०९० कार्ड ३०४ मिमी लांब आणि तीन स्लॉट, म्हणजे कॅबिनेटमागच्या कार्डांच्या तीन खाचा अडवण्याइतकं, जाड आहे. इतर कंपन्यांची बरीच ४०९० कार्डं त्याहून दांडगी. माझं पहिलं मोठं कार्ड पुढच्या पंख्याला अडलं, रात्री अकराला स्क्रू काढत बसलो होतो. पॉवर सप्लाय ८५० वॅटचा हवाच, कार्ड एकटंच ४५० वॅट खातं.

खरी गोम कार्डला वीज देणाऱ्या सोळा पिनांच्या कनेक्टरमध्ये. अर्धवट बसला तर तापतो, वितळतोसुद्धा. शेवटपर्यंत दाब, टॉर्च मारून बघ, फट दिसता कामा नये. वायर साडेतीन सेंटिमीटर सरळ जाऊ दे, मगच वळव. आणि मॉनिटरची केबल कार्डलाच लाव, मदरबोर्डला नको. हसू नकोस, भलेभले चुकतात!